पहिली घाटवाट: कोकणातून देशावर पायी चढण्याची तयारी

एक दिवस सह्याद्रीत जायचं म्हटलं की किल्ला आधी आठवतो. किल्ल्याची वाट सहसा मळलेली असते, जागोजागी बाण रंगवलेले असतात आणि सुट्टीच्या दिवशी पुढेमागे माणसं असतात. घाटवाटेचं तसं नाही. कोकणातलं गाव आणि घाटमाथ्यावरचं गाव यांना जोडणारी ही जुनी पायवाट. गाडीरस्ते झाले, तांडे थांबले आणि यातल्या बऱ्याच वाटा रानात बुजल्या. काही उरल्या, त्या गुराख्यांच्या, माहेरवाशिणींच्या आणि देवाला जाणाऱ्यांच्या पायांमुळे. अशी वाट चढायला दोर लागतोच असं नाही, पण डोंगराची रचना मात्र कळावी लागते. ती कळली नाही की चांगल्या दमाचा माणूससुद्धा अडकतो.

आधी डोंगराचा जिना समजून घ्या

सह्याद्रीचा हा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. थरावर थर जवळजवळ आडवे बसले. त्यातले कठीण थर कड्यासारखे सरळ उभे राहिले आणि मऊ थर झिजून सपाट पट्ट्या झाल्या. म्हणून कोकणातून पाहिलं की डोंगर जिन्यासारखा दिसतो: कातळाची उभी पायरी, वर झाडीची आडवी पट्टी, पुन्हा कातळ. या पट्टीला पदर म्हणतात.

पदरावरून वरच्या पायरीवर कुठूनही चढता येत नाही. कातळ जिथे फुटला असेल तिथूनच वाट जाते. ही फूट दोन प्रकारची. पाण्याने कोरलेली दगडगोट्यांची अरुंद घळ म्हणजे नाळ, आणि डोंगराची खाली उतरलेली धार म्हणजे सोंड. घाटवाट म्हणजे पायथ्यापासून एखाद्या सोंडेवर चढायचं, पदरात आडवं चालायचं, नाळ गाठायची आणि माथ्यावर निघायचं. वाट चुकते ती बहुतेक वेळा पदरात. झाडी दाट असते, गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटलेल्या असतात आणि नाळेचं तोंड शंभर पावलांवरूनही दिसत नाही. तोंड मागे राहिलं, समोर कातळ आला आणि माणूस म्हणाला की ‘इथूनच थोडं सरळ चढून बघू’, की अपघाताची सुरुवात झाली. नियम एकच: पदरात चुकलात तर पदरातच मागे फिरा. कातळावर चढू नका, खालीही उतरू नका.

कोणती वाट निवडावी

पहिल्या वेळी नाणेघाट घ्या. कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यावर टोकावड्याच्या पुढे वैशाखरे आहे. त्या भागातून वाट सुटते आणि घाटघरच्या पठारावर निघते. वाट रुळलेली आहे, शेवटच्या नाळेत दगडी पायऱ्या आहेत, दोर कुठेही लागत नाही. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माथ्यावर जुन्नरकडून गाडीरस्ता येतो. कोणाचा पाय मुरगळला, कोणी दमलं, तर त्याला पुन्हा खाली उतरवावं लागत नाही.

वाटेचं वयही लक्षात ठेवून चढा. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे. त्यातले अंक भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत मोडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं एवढंच उरलं आहे. अक्षरांवरून हात फिरवू नका, खडूने भरू नका, पाणी मारून फोटो काढू नका. नाळेच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगितलं जातं. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल जुन्नरला या वाटेने जायचा.

दुसरी चांगली निवड म्हणजे खांडसहून भीमाशंकरला चढणारा गणेश घाट. लांब आहे, पण सरळ. त्याच खांडसहून निघणारा शिडी घाट मात्र पहिल्या वेळी नको: लोखंडी शिड्या, ओला कातळ आणि बाजूला खोल दरी. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट तर चार-पाच घाटवाटा झाल्यावर, माहीतगार सोबत असतानाच. सांदण दरीचंही तसंच, आणि पावसाळ्यात तिच्यात पाऊलसुद्धा टाकू नये.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरमध्ये हिरवाई दिसते म्हणून लोक निघतात, पण तेव्हा गवत छातीपर्यंत असतं, पायाखालचा दगड दिसत नाही, वाट नुसती अंदाजाने चालावी लागते आणि ऊन अंगावर येतं. फेब्रुवारीपासून ओढे आटतात. मार्चनंतर कोकणाच्या बाजूने चढणं म्हणजे पाणी वाहून नेण्याचं काम.

पावसाळ्यात नाळ ही वाट नसते, तो ओढा असतो. पाऊस माथ्यावर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं, तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही. पाणी गढूळ होणं, त्यात काड्या-पाला वाहत येणं आणि आवाज जड होणं या तीन खुणा दिसल्या की लगेच काठावर या, शक्य तितकं उंच. ओढा भरला तर थांबा. डोंगराचे हे ओढे लहान आणि उताराचे असतात, पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतात. जोराच्या धारेत गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. त्याहून कमी असेल तर आधी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाने बंदी लावली आहे का ते पाहा. पावसाळ्यात धबधबे आणि घाटवाटांवर असे आदेश निघतात आणि ते दरवर्षी, जागोजागी बदलतात.

चढण्याच्या बाजूचाही विचार करा. कोकणाकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी डोंगराची सावली अंगावर असते आणि दुपारी तोच कातळ तापून भाजतो. सकाळी कोकणातून चढायचं आणि माथ्यावरून गाडीने परतायचं, हा क्रम सर्वांत सुखाचा. गुडघेही वाचतात.

नकाशा आणि वेळेचं गणित

भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे घ्या. त्यावर 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) 20 मीटर उंची. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा, मोकळ्या झाल्या असतील तिथे पदर. पेन्सिलीने तुमची वाट काढा आणि कोणत्या पदरात, कुठल्या दिशेने किती आडवं जायचं ते लिहून ठेवा.

या नकाशाची एक मर्यादा जीवावर बेतू शकते. 15 मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपतो. म्हणजे नकाशावर सौम्य उतार दिसला तरी तिथे पाच मजली इमारतीएवढा कडा असू शकतो. मोबाईलवर कोणाची तरी उतरवून घेतलेली जीपीएस वाटही अशीच फसवते. अरुंद नाळेत आकाश कमी दिसतं, उपग्रहांचे संकेत कड्यांवरून परावर्तित होऊन येतात, आणि रेषा वीस-तीस मीटर सरकते. मैदानात त्याने काही बिघडत नाही. इथे तेवढ्या फरकाने तुम्ही वरच्या पदराऐवजी खालच्या पदरात पोचता. रेषा दिशा दाखवते एवढंच धरा. पाऊल टाकायचं ते समोरची वाट बघून.

मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उलट नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते.

आता वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने 1892 मध्ये मांडलेला साधा नियम आजही चालतो: दर 5 किलोमीटर चालीला 1 तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी 1 तास. समजा तुमची वाट 5 किलोमीटरची आहे आणि चढ 600 मीटरचा. नियमाप्रमाणे 2 तास. पण हा हिशेब तयारीच्या, न थांबणाऱ्या माणसाचा. सह्याद्रीतली झाडी, घसारा (मुरूम आणि बारीक खड्यांचा उतार) आणि आठ-दहा जणांचा गट धरला तर दीडपट करा: 3 तास. उतरायला कमी वेळ लागेल असं धरू नका. घसाऱ्यावर नवख्या गटाला उतरायला चढण्याएवढाच वेळ लागतो.

गणित उलटं सोडवा. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. झाडीच्या नाळेत त्याआधीच अंधारतं. त्याच वाटेने उतरायचं असेल तर 5 वाजता पायथ्याशी असायला हवं, म्हणजे माथा 2 वाजता सोडायला हवा. ही परतीची वेळ झाली. 2 वाजेपर्यंत माथा गाठला नसेल तर जिथे असाल तिथून फिरा. वेळ घरीच ठरवा आणि गटातल्या प्रत्येकाला सांगा, कारण माथा अर्ध्या तासावर दिसत असताना फिरण्याचा निर्णय तिथल्या तिथे कोणाला घेववत नाही.

गावात काय विचारावं

पायथ्याच्या गावात चौकशी केल्याशिवाय चढू नये, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘मामा, ही वाट वर जाते ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो, जाते की’ असंच येतं. सगळ्याच वाटा कुठेतरी वर जातात. त्याऐवजी असं विचारा: या महिन्यात या वाटेने वर कोण गेलं होतं? माणसं जातात की नुसती गुरं? पहिला फाटा कुठे येतो आणि तिथे कोणत्या हाताला वळायचं? वरच्या टाक्यात पाणी आहे का, की खराब झालं? या पावसात दरड कुठे आली? आग्या मोहोळ कुठे बसलं आहे? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा.

वेळेबद्दलचं उत्तर दुप्पट करून घ्या. ‘अर्ध्या तासात जाल’ म्हणणारा माणूस स्वतःच्या पायांचा हिशेब सांगत असतो, आणि त्या हिशेबात तो चुकत नाही. वाटाड्या घेणार असाल तर कुठून कुठपर्यंत, किती पैसे आणि परत कसं जाणार हे निघण्याआधी बोला. वाट पूर्ण चढवून देणाऱ्या माणसाला अर्ध्यातून परत पाठवू नका. पदरापर्यंत वाट कोणालाही सापडते, त्याची गरज पदराच्या पुढे असते.

एका घरी तुमचं नाव, फोन नंबर, माणसं किती आणि कधी कुठे उतरणार हे सांगून ठेवा. हाच निरोप घरच्यांनाही द्या. अभयारण्यातून जाणारी वाट असेल, जसं भीमाशंकर किंवा कळसूबाई–हरिश्चंद्रगड, तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पुढे जा.

सॅकमध्ये काय

पाणी: थंडीत माणशी 3 लिटर, फेब्रुवारीनंतर 4 ते 5. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे बाकीचं वजन कमी करा, पाणी नको. डोंगरातले झरे बहुधा दोन थरांच्या सांध्यावर, म्हणजे पदराच्या आतल्या बाजूला लागतात, पण जानेवारीनंतर त्यांचा भरवसा धरू नये. टाक्यातलं पाणी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून मगच प्या. मीठ-साखरेचं पाणी करायचं असेल तर 1 लिटरला 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजाने मीठ वाढवलं तर ते उलट पाणी ओढून घेतं.

बूट खोल नक्षीच्या रबरी तळाचे हवेत आणि आधी किमान तीन-चार दिवस वापरलेले. पायाची नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना बोटं पुढे आदळतात आणि वाढलेलं नख काळं पडतं. ओल्या शेवाळावर कोणताही बूट धरत नाही, तिथे बसून सरकायला लाज वाटू देऊ नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची विजार, डोक्यावर टोपी. प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी, कारण एका विजेरीवर आठ माणसं नाळ उतरू शकत नाहीत. शिट्टी, रुंद बँडेज, जंतुनाशक, स्वतःची नेहमीची औषधं, एक जास्तीचं जेवण. नाळेची वाट असेल तर हेल्मेट.

चालताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा ठेवा आणि वाट माहीत असलेला एक जण शेवटी. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. गट तुटतो तो फाट्यावरच. प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा आणि फोटो काढा. उतरताना हीच जागा उलट्या बाजूने वेगळी दिसते.

नाळेत धोका पायाखालच्या नाही, डोक्यावरच्या दगडाचा. सुटलेले गोटे असतील तिथे एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभं राहू नये. एकेकाने टप्पा पार करायचा, बाकीच्यांनी बाजूच्या कातळाला चिकटून थांबायचं. दगड सुटला की ‘दगड!’ असं मोठ्याने ओरडायचं, मग तो लिंबाएवढा का असेना.

घसाऱ्यावर लोक मागे रेलून टाच टेकवतात आणि म्हणूनच बसतात. वजन पायाच्या बरोबर वर ठेवा, गुडघे थोडे वाकवा, पावलं आडवी आणि आखूड टाका. जानेवारीनंतरचं वाळलेलं गवत घसाऱ्याइतकंच वाईट. कठीण मुरमावर ते गालिच्यासारखं सरकतं. आधाराला गवताचं किंवा कारवीचं एकच दांडकं धरू नका. तीन-चार एकत्र, आणि मुळाजवळ धरा.

बिघडलं तर

*वाट हरवली.* थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची नक्की ओळखीची जागा कोणती ते ठरवा आणि तिथपर्यंत मागे जा. ‘पाण्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं’ हा सल्ला दुसऱ्या प्रदेशात चालत असेल, सह्याद्रीत तो घातक आहे. इथला ओढा पदर संपला की कड्यावरून खाली पडतो. ओढ्याने उतरणारा माणूस धबधब्याच्या माथ्यावर येऊन अडकतो, ना खाली ना वर. अंधार पडला तर तिथेच सपाट जागा बघून रात्र काढा.

*मदत हवी आहे.* 112 वर फोन करा. आवाज जात नसेल तर एसएमएस बरेचदा जातो: अक्षांश-रेखांश, माणसं किती, काय झालं, जवळचं गाव. शिट्टीचा संकटाचा इशारा मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. कळवल्यावर जागा सोडू नका.

*मधमाश्या.* आग्या मोहोळ कड्यांच्या पुढे आलेल्या कातळाखाली लोंबतं. सुगंधी फवारे, धूर, आरडाओरडा, ड्रोन, दगड फेकणं ही चवताळण्याची कारणं. हल्ला झालाच तर झटकत उभं राहू नका. तोंड आणि मान झाकून, कडा नाही अशा बाजूला शक्य तितकं दूर जा. पाण्यात बुडी मारून उपयोग होत नाही, त्या वर थांबतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा खूप डंख झाले तर तातडीने रुग्णालय.

*साप.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी. फुरसं लहान, दगडाच्या रंगाचं, आणि दगडाखालीच बसतं, म्हणून न बघता दगडाच्या कपारीत हात घालू नका. चावा झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी-कडं काढा, चावा झालेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर करा, वेळ लिहून ठेवा, माणसाला चालू न देता उचलून न्या आणि 108 ला कळवा. साप पकडायच्या मागे लागू नका. प्रतिविष चारही सापांवर एकच असतं.

*ऊन.* डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही सुरुवात: सावली, मीठ-साखरेचं पाणी, अर्धा तास विश्रांती. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलं तर तो उष्माघात. कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

घरी पोचल्यावर आंघोळीत काखा, जांघा, कमरेचा पट्टा आणि गुडघ्यामागे गोचीड किंवा काळी खपली आहे का बघा. दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात फिरलो होतो, ओढ्यातून गेलो होतो’ हे आपणहून सांगा. स्क्रब टायफस (रानातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा ताप) आणि लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा ताप) यांवर औषध आहे, पण संशय आला तरच ते वेळेवर सुरू होतं.

आणि माथ्यावर नेटवर्क आलं की घरच्यांच्या आधी पायथ्याच्या त्या घरी फोन लावा. तुम्ही सुखरूप निघालात हे त्यांना कळलं नाही, तर संध्याकाळी विजेऱ्या घेऊन तीच माणसं नाळेत चढतात.